आधी विहीर, मग पवनचक्की: मराठवाड्यात भूशास्त्र आणि स्वच्छ ऊर्जेची क्षेत्रभेट कशी आखायची

मराठवाड्यात पहिल्यांदाच क्षेत्रभेट काढणार असाल, तर बस ठरवण्याआधी शाळेपासून चालत जाता येईल अशी एखादी जुनी, आतून न बांधलेली विहीर शोधा. परळीचं वीज केंद्र, पाटोद्याच्या पवनचक्क्या, किल्लारी, वेरूळ हे सगळं नंतर. मी नववी ते बारावीच्या मुलांना बरीच वर्षं अशा भेटींना नेतो आहे. सुरुवातीला थेट वीज केंद्रावरच न्यायचो. मुलं परत येऊन लिहायची, 'केंद्र खूप मोठे होते, चिमणी खूप उंच होती.' त्यापलीकडे हाती काही लागत नसे. ज्या वर्षी आधी विहिरीवर गेलो, त्या वर्षापासून मुलं प्रश्न विचारायला लागली. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

पहिली पायरी: विहीर वाचणं

विहीरमालकाला दोन दिवस आधी भेटून विचारा. कठडा नसेल तर काठापासून दहा फुटांवर दोरी बांधा आणि एका वेळी पाचच मुलांना पुढे घ्या. उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी खाली गेलेलं असतं, तेव्हा भिंत चांगली दिसते.

आता मुलांना वरून खाली बघायला सांगा. वर काळी माती, तिच्यात पांढरे चुनखडे. तिच्याखाली पिवळट मुरूम. मुरमात गोल गोल धोंडे दिसतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटत चाललेले. त्याखाली विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो भोकाभोकांचा खडक, भोकांमध्ये पांढरे-हिरवट दाणे भरलेले. मग काळा पाषाण, टणक, उभ्या चिरा पडलेला. काही विहिरींत मध्येच विटेसारखा लाल पट्टा लागतो. तो दिसला तर तिथे थांबा, कारण अख्ख्या भेटीची किल्ली तिथे आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. आजही या दख्खनच्या काळ्या खडकाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापलेला आहे. लाव्हा थंड होताना त्यातले वायू वर चढतात, म्हणून प्रत्येक थराचा माथा भोकाभोकांचा आणि बूड घट्ट. वर मांजऱ्या आणि खाली पाषाण असं जिथे दिसलं, तिथे एक थर पुरा झाला. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला असेल तर जुन्या थराचा पृष्ठभाग उन्हापावसाने झिजून माती होतो, आणि नंतरचा लाव्हा त्या मातीवर पसरतो. लाल पट्टा म्हणजे ती दाबली गेलेली जुनी माती. मुलाला हे एकदा समजलं की घाटातून जाताना बसच्या खिडकीतून तो आपोआप थर मोजू लागतो.

मग पाण्याकडे वळा. पाषाणात पाणी मुरत नाही, फक्त चिरांमधून झिरपतं. मुरमात आणि मांजऱ्यात थोडं साठतं. म्हणून आपल्याकडे एका बांधाला पाणी लागतं आणि शेजारच्या बांधाला कोरडा खडक. विहीरमालकाला बोलू द्या. तो किती हातांवर पाणी लागलं, कोणत्या झऱ्याला कोणत्या महिन्यात ओढ लागते, बोअर किती फुटांवर फसलं, हे आपल्यापेक्षा नेमकं सांगतो.

आणि इथेच ऊर्जा येते. मोटारीवरची पाटी मुलांना वाचायला लावा. पाच अश्वशक्तीची मोटार म्हणजे साधारण ३.७ किलोवॉट, सहा तास चालली तर बावीस युनिटांच्या घरात वीज गेली. पाणी जितकं खोल, तितकी वीज जास्त. आता मालकाला विचारा, लाईट कधी असते? रात्रीच्या पाळीत थंडीत, विंचू-सापाच्या भीतीने बॅटरी घेऊन पाणी धरायला जाणं काय असतं, हे तो सांगेल. दिवसा वीज मिळावी हीच त्याची मागणी असते, आणि सूर्य दिवसाच असतो. शेतीचे फीडर, म्हणजे पंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, सौर ऊर्जेवर आणायच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये आपल्याच वैजापूर तालुक्यात, धोंदलगावला सुरू झाला. क्षमता ३ मेगावॉट. ऊर्जाबदल हा शब्द मुलांनी पुस्तकात वाचलेला असतो. या विहिरीच्या काठावर तो त्यांच्या घरचा होतो.

दुसरी पायरी: एक प्रश्न ठरवणं

ठिकाणं आधी ठरवू नका, प्रश्न ठरवा. 'आमच्या गावची वीज कुठून येते आणि तिला किती पाणी लागतं?' हा चांगला प्रश्न आहे. 'वारा याच डोंगरावर का अडवतात?' हाही चांगला. 'स्वच्छ ऊर्जेची माहिती घेणे' हा प्रश्नच नाही. एका भेटीला एकच प्रश्न पुरे. मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर तो त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या आणि त्याखाली त्यांचा अंदाज. अंदाज चुकला तरी खोडू देऊ नका. परतल्यावर तो फार कामाला येतो.

तिसरी पायरी: महिना

सगळं एकाच महिन्यात नीट दिसत नाही, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. पवनचक्क्या जोरात फिरतात त्या मे-जूनपासून सप्टेंबरपर्यंत, नैर्ऋत्येचा वारा असतो तेव्हा. साखर कारखान्याची उसाच्या चिपाडावरची सहवीजनिर्मिती बघायची तर गळीत हंगाम हवा, म्हणजे दिवाळीनंतर. धबधबे आणि धुतलेले कडे ऑगस्ट-सप्टेंबरात. पण घाटात दरडीची आणि मोकळ्या माळावर वीज पडायची भीतीही तेव्हाच. मी एकूण दोन भेटी करतो: सप्टेंबरच्या शेवटी डोंगर आणि वारा, जानेवारीत वीज केंद्र, धरण आणि लेणी. सहामाही आणि पूर्वपरीक्षा सांभाळून त्या बसतात. उन्हाळ्यात मुलांना माळावर नेऊ नका.

चौथी पायरी: परवानग्या

यात वेळ जातो, म्हणून दीड-दोन महिने आधी सुरू करा. वीज केंद्रासाठी महानिर्मितीच्या त्या केंद्राच्या मुख्य अभियंत्यांच्या नावे मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र. त्यात मुलांची संख्या, इयत्ता, सोबतचे शिक्षक, तारीख आणि एक पर्यायी तारीख. धरणासाठी पाटबंधारे विभाग. उपकेंद्र बघायचं तर महापारेषण किंवा महावितरण. पवनचक्कीला हात लावायचा नसला आणि खालूनच बघायची असली तरी कंपनीच्या साईटवरच्या माणसाला आणि ज्याच्या शेतातून जायचं त्या शेतकऱ्याला, दोघांनाही विचारा. पत्रात 'सहल' हा शब्द टाळून 'अभ्यासभेट' लिहा आणि मुलांचा तो एक प्रश्न पत्रात घाला. हा साधा बदल केल्यावर मला माहिती द्यायला जनसंपर्काच्या माणसाऐवजी प्रत्यक्ष काम करणारे अभियंते भेटू लागले.

एका वर्षी मी पत्र पाठवलं, फोनवर होकार मिळाला आणि निघालो. फाटकावर लेखी परवानगी मागितली. ती नव्हती. पन्नास मुलं दोन तास उन्हात बसली आणि परतली. तेव्हापासून लेखी उत्तराची प्रत हातात आल्याशिवाय बस ठरवत नाही.

शाळेच्या सहलींना एसटी निम्म्या भाड्यात मिळते. आगारात लवकर अर्ज द्या, जानेवारीत गाड्यांची ओढाताण असते. पालकांची संमतीपत्रं, शिक्षण विभागाची मंजुरी, प्रथमोपचार पेटी हे नेहमीचंच. मुली असतील तर शिक्षिका सोबत हव्यातच, आणि माळावर स्वच्छतागृह कुठे मिळेल हे आधी जाऊन बघून या. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि चक्कर येते, त्याचं कारण हेच असतं.

पाचवी पायरी: पिशवीत काय हवं

भिंग, होकायंत्र, मोजपट्टी, एक साधा लोहचुंबक, प्लास्टिकच्या छोट्या पिशव्या, मार्कर. एक तापमापी. प्रयोगशाळेतलं विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल ड्रॉपरच्या बाटलीत, पण ते फक्त शिक्षकाच्या हातात. हातोडा एकच, तोही गॉगल घालून आणि फक्त खाणीत किंवा रस्त्याच्या कडेच्या सुट्या दगडावर. चुंबक काळ्या दगडाच्या भुग्यात फिरवला की बारीक काळे कण चिकटून येतात. ते मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं खनिज. याच कारणाने होकायंत्र कड्याला टेकवून वाचलं तर दिशा चुकू शकते. हा प्रयोग पाचवीच्या मुलालाही जमतो आणि विसरत नाही.

मोबाईल शिक्षकांकडे दोन पुरेत. मुलांना चित्र काढायला लावा. फोटो काढणारा मुलगा कड्याकडे दोन सेकंद बघतो, चित्र काढणारा वीस मिनिटं.

सहावी पायरी: वाट निवडणं

मराठवाडा मोठा आहे. किनवटहून वैजापूरला जायचं तर दिवस जातो. आपल्या जिल्ह्याजवळची वाट घ्या. खाली मी केलेल्या वाटा सांगतो, ज्यात माझा जीव जास्त रमतो तिथे जास्त लिहिलं आहे.

सौताडा आणि पवनचक्क्या. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात सौताड्याला रामेश्वराची दरी आहे. विंचरणा नदी पठारावरून एकदम खाली पडते आणि कड्यात लाव्ह्याचे थर पायऱ्यांसारखे दिसतात. दख्खनच्या या खडकाला जगभर 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दच स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला आहे. दरीत उतरण्याआधी काठावरूनच मुलांना थर मोजायला लावा आणि प्रत्येक गटाचा आकडा फळ्यासारख्या एका कागदावर लिहा. चारपासून नऊपर्यंत काहीही येईल. मग वाद घालू द्या: थर कशाला म्हणायचं? भूशास्त्राचं निम्मं शिक्षण त्या वादात होतं.

दरी बघून पठारावर या. बालाघाटाचं हे पठार म्हणजे वरच्या टणक थराने राखलेला सपाट माथा. आजूबाजूचा मऊ भाग झिजून गेला, माथा उरला. पश्चिमेकडून येणारा वारा या कडेला अडतो, वर चढतो आणि माथ्यावर वेग घेतो. म्हणून पाटोदा, केज, पलीकडे भूम, वाशी, कळंब इथे पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. मांजरा नदीही याच पाटोदा तालुक्यात उगम पावते. एकाच खडकाने वाऱ्याची आणि पाण्याची दोन्ही गणितं ठरवली आहेत, हे तिथे उभं राहून दाखवता येतं. वर्गात ते नुसतं वाक्य राहतं.

पवनचक्कीखाली एकच गणित करून घ्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ऊर्जा दुप्पट नाही, आठपट होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ४ मीटर आणि ८ मीटर यांची तुलना करायला सांगा. मग कंपन्या डोंगराच्या त्या एका कडेसाठी एवढा खर्च का करतात ते मुलांना आपोआप उमगतं. मनोऱ्याच्या पायाबद्दलही विचारा. शेकडो घनमीटर काँक्रीट जमिनीत जातं. मुरूम किती फुटांवर संपला आणि पाषाण कुठे लागला, हे पाया खोदणारा सांगतो, आणि ते तुमच्या विहिरीच्या चित्राशी जुळवून बघता येतं.

वारा नसेल आणि चक्क्या उभ्या असतील तर नाराज होऊ नका. उभी पवनचक्की हाही धडा आहे. तेव्हा विचारा, आत्ता गावात दिवा लागला आहे, त्याची वीज कुठून आली?

त्या गावच्या शेतकऱ्यांशी बोला. कुणाला जमिनीचे पैसे चांगले मिळाले, कुणाच्या बांधातून रस्ता गेला आणि त्याचा मोबदला अडकला. दोन्ही बाजू ऐका, वहीत लिहा. मुलांसमोर निवाडा करायला जाऊ नका, आणि वातावरण तापलेलं दिसलं तर तिथून निघा. विजा कडाडायला लागल्या तर मनोऱ्याखाली आणि झाडाखाली थांबू नका, सरळ बसमध्ये बसा.

परळी. काही शिक्षक विचारतात, स्वच्छ ऊर्जेच्या भेटीत कोळशाचं केंद्र कशाला? मला वाटतं, परळीला गेल्याशिवाय ही भेट पुरी होत नाही. १९७१ पासून इथे वीज तयार होते आहे. जुने संच आता निवृत्त झाले, २५० मेगावॉटचे तीन संच उरले. आपल्या घरातले दिवे पन्नास वर्षं ज्या भट्टीवर लागले ती मुलांनी बघायला हवी.

परळीला पाण्याचं गणित करा. कोळशावरच्या जुन्या केंद्रांना दर युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा २०१५ मध्ये सरकारने घालून दिली. २५० मेगावॉटचा एक संच पूर्ण ताकदीने चोवीस तास चालला तर ६० लाख युनिट. म्हणजे त्या मर्यादेतही दिवसाला २ कोटी १० लाख लिटर. आता मुलांना २०१६ चा उन्हाळा आठवून द्या, त्यांना नाही तर त्यांच्या आईवडिलांना आठवतोच. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं होतं, पन्नास टाक्यांची गाडी एका खेपेला २५ लाख लिटर आणायची. भागाकार करा. एका संचाचं एका दिवसाचं पाणी म्हणजे अशा आठ गाड्यांहून जास्त. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. सौर आणि पवन ऊर्जेला धूर नसतो म्हणून ती स्वच्छ, हे पुस्तक सांगतं. मराठवाड्यासाठी ती पाणी पीत नाही हे जास्त महत्त्वाचं आहे. सौर पट्ट्या धुवायला थोडं लागतं, तेही मुलांनी विचारावं.

पण तिथल्या माणसांशी बोलल्याशिवाय परत फिरू नका. संच बंद झाला की कंत्राटी कामगार, राखेच्या विटा पाडणारे, राख वाहणारे ट्रकवाले, फाटकासमोरची चहाची टपरी यांचं काय होतं? जुना संच पाडला जातो तेव्हा एका वस्तीचं पोट हलतं. पवनचक्कीवर आणि सौर प्रकल्पावर इतकी माणसं लागत नाहीत, हेही तितकंच खरं. मुलांनी ही अडचण स्वतः ऐकावी आणि उत्तर घेऊन नाही, प्रश्न घेऊन परतावं. राख अंगावर उडते, मास्क बरोबर ठेवा.

संभाजीनगर, वेरूळ, पैठण. दोन दिवसांची वाट. सुरुवात शहरातल्या पाणचक्कीपासून करा. अठराव्या शतकात, १७४४ च्या सुमारास, दूरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून त्याच्या धारेवर जातं फिरवलं गेलं आणि यात्रेकरूंसाठी पीठ दळलं गेलं. त्याआधी शंभरेक वर्षं मलिक अंबरने या शहरासाठी जमिनीखालून नहरी काढल्या होत्या. डोंगरातल्या मुरूम-मांजऱ्यातून झिरपणारं पाणी उताराने खेळवायचं, ही त्यामागची समज. डिझेल नाही, वीज नाही. मुलांना इथे फक्त एकच विचारा: पाणी वर कसं चढलं? उंचीचा फरक आणि दाब त्यांना चित्रात दाखवू द्या.

वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. कैलास लेणं आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलेलं, मागचा कडा सुमारे तीस मीटर. कला सांगायला वाटाड्या असतो. तुम्ही खडक सांगा. कारागिरांनी हीच जागा का निवडली असेल? जाड, एकसंध पाषाणाचा थर मिळाल्याशिवाय एवढं अखंड काम होत नाही. कुठे खांब तुटले, कुठे पाणी झिरपतं, कुठे पृष्ठभाग भोकाभोकांचा झाला, हे शोधायला लावा. चिरा आणि मांजऱ्या जिथे लागला तिथेच बहुतेक झीज सापडते. हातोडा बसमध्येच राहू द्या. हे संरक्षित स्मारक आहे, खडा उचलायचाही नाही. आणि आग्या मोहळाकडे लक्ष ठेवा. अत्तर लावलेली मुलं, धूर, आरडाओरडा यांनी माश्या उठतात.

परतीच्या वाटेवर एखादी खडी काढायची खाण लागते. मालकाला विचारून, काम बंद असताना, कड्यापासून लांब, सुट्या ढिगाऱ्यावर अर्धा तास द्या. जालना आणि संभाजीनगर भागातल्या खाणींत पांढरी, गुलाबी, हिरवी स्फटिकं निघतात. आपण सगळ्यांनाच गारगोट्या म्हणतो, पण त्यात झिओलाइट असतात, ॲपोफिलाइट असतं, खरी गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ आणि कॅल्साइटही. आता बाटली काढा. आम्लाचा एक थेंब टाकला आणि दगड फसफसला तर ते कॅल्साइट, आणि तो बाहेर पडणारा वायू कार्बन डायऑक्साइड.

या एका थेंबावर मी पाऊण तास घालवतो. हवेतला कार्बन पाण्यात विरघळून या खडकाच्या भोकात शिरला, खडकातल्या कॅल्शियमशी जुळला आणि दगड होऊन बसला. निसर्गाने हे सावकाश केलं. आइसलँडमध्ये २०१२ पासून कार्बफिक्स प्रकल्पात हेच मुद्दाम करून पाहिलं: भूगर्भातल्या वाफेवर चालणाऱ्या वीज केंद्रातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून तिथल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्ह्याच्या काळ्या पाषाणात, सोडला आणि त्यातला पंचाण्णव टक्क्यांहून अधिक दोन वर्षांच्या आत खनिजात बदलला. त्यांचा खडक आणि आपला खडक एकाच जातीचा. म्हणून दख्खनच्या पाषाणात असं साठवण करता येईल का, यावर संशोधन चालू आहे. मुलांना घाईने 'होईल' म्हणू नका. आपल्याकडे पाणी कमी, लोकवस्ती दाट, आणि याच खडकात आपल्या विहिरी. पण आपल्या पायाखालच्या काळ्या दगडाकडे जगातले शास्त्रज्ञ अशा नजरेने बघतात, हे कळल्यावर खडीच्या ढिगाऱ्याकडे मूल वेगळ्या डोळ्यांनी बघतं. मी ते बघितलं आहे.

दुसऱ्या दिवशी पैठण. नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, पायथ्याला १२ मेगावॉटचं छोटं जलविद्युत केंद्र आहे, उलट्या दिशेनेही चालू शकेल अशा यंत्रावर बांधलेलं: पाणी खाली सोडताना वीज, आणि वीज जास्त असेल तेव्हा तेच पाणी पुन्हा वर. सूर्य मावळल्यावर काय, या प्रश्नाला जगभर जे उत्तर शोधलं जातं आहे त्याचा हा जुना नमुना. धरणाचा मातीचा बांध जवळपास दहा किलोमीटर लांब आहे. त्यावर चालताना विचारा, दगडाच्या देशात मातीचं धरण का? उत्तर काळ्या मातीत आहे: ती ओली झाली की फुगते आणि पाणी अडवते, म्हणून अशा बांधाच्या पोटात ती भरतात. जलाशयावर तरंगत्या सौर पट्ट्या टाकायचा प्रस्ताव आहे. त्याच पाण्यावर मासेमारी करणारी कुटुंबं आहेत आणि हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात; जायकवाडी हे पक्षी अभयारण्यही आहे. काठावर जाळं विणत बसलेल्या माणसाला विचारल्याशिवाय बसमध्ये चढू नका.

किल्लारी. ही वाट सगळ्यात जपून करायची. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, लोक दमून झोपले होते. सुमारे दहा हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास, तशी जगातली सर्वांत मोठी नाही. पण केंद्र उथळ होतं आणि घरं जाड दगडी भिंतींची, मातीत रचलेली, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात थंड राहणारं तेच घर अंगावर आलं. त्याआधीच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता.

नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल विंधन छिद्र घेतलं. ३३८ मीटरवर आपला काळा पाषाण संपला, खाली गाळाचा एक पातळ थर, आणि मग अतिप्राचीन ग्रॅनाइटसारखा खडक. विहिरीच्या भिंतीवर आपण वाचलेले थर खाली कुठवर जातात, त्याचा हा पुरावा. मोठा भूकंप त्या पाषाणाच्याही खालून, जुन्या खडकातल्या भेगेतून आला. वहीत उभी पट्टी काढून, एक सेंटिमीटरला पन्नास मीटर असं प्रमाण घेऊन, मुलांना हे काढायला लावा आणि शेजारी स्वतःच्या गावची विहीर त्याच प्रमाणात दाखवायला सांगा. दहा-पंधरा मीटरची विहीर पेन्सिलीच्या टोकाएवढी होते. कुणीच काही बोलत नाही तेव्हा.

तिथे जाण्याआधी वर्गात सगळं सांगून झालेलं असू द्या. स्मृतिस्थळी व्याख्यान नको. गावकऱ्यांना 'तुमचं कोण गेलं' असं विचारायचं नाही, हे मुलांना दोनदा बजावा. एखाद्या आजीने आपणहून सांगितलं तर खाली बसून ऐकायचं. फोटो नाहीत. मग पुनर्वसित गावात जाऊन घरं बघा: भिंतीतले काँक्रीटचे पट्टे, हलकी छपरं. पवनचक्कीचा मनोरा असो की धरण, त्याचा आराखडा करताना जमिनीच्या हादऱ्याचा हिशेब का धरतात, हे वेगळं सांगावं लागत नाही.

हिंगोली, नांदेड. थोडक्यात सांगतो. हिंगोलीत २०२४ च्या मार्च आणि जुलैमध्ये साडेचारच्या आसपासचे धक्के बसले, आणि त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेला मंजुरी मिळाली आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. नांदेडच्या पूर्वेला देगलूर-बिलोलीकडे काळा पाषाण संपतो आणि ग्रॅनाइटच्या गोल टेकड्या लागतात. किल्लारीला ३३८ मीटर खाली असलेल्या पायाच्या खडकाचे भाऊबंद इथे उघड्यावर बसले आहेत. किनवट तालुक्यात उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. तापमापी तिथे वापरा. अंग शेकायला पुरेल एवढी ही उष्णता, वीज करायला फार कमी. त्यासाठी पाणी उकळत्याच्या जवळपास तरी हवं. प्रत्येक गरम झरा म्हणजे वीज केंद्र नाही, हे मोजून कळलेलं बरं. तिथे भाविक स्नान करतात, त्यांच्या मध्ये येऊ नका.

जालना-परभणीकडच्या शाळांना लोणार जवळ पडतं. ते विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यात, पण खडक आपलाच. उल्केच्या आघाताने झालेलं १.८ किलोमीटर रुंदीचं विवर. ऊर्जेशी त्याचा संबंध ओढूनताणून लावू नका, नुसतं बघा.

सातवी पायरी: परतल्यावर

दुसऱ्याच दिवशी, अंगातला शीण असतानाच, वहीच्या पहिल्या पानावरचा अंदाज उघडा. प्रत्येकाने तीन ओळी लिहायच्या: काय वाटलं होतं, काय दिसलं, अजून काय कळलं नाही. निबंध नको. गणितं फळ्यावर सगळ्यांनी मिळून पुन्हा करायची. पाण्याचं गणित दरवर्षी दोन-तीन गटांचं शून्याने चुकतं आणि ती चूक सापडण्यातच मजा आहे. शाळेचं वीजबिल मागून घ्या, महिन्याचे युनिट काढा आणि तेवढी वीज सौर पट्ट्यांवर करायची तर गच्चीवर जागा पुरेल का ते मोजा. एप्रिल-मे मध्ये ऊन कडक असूनही पट्टीची कार्यक्षमता उतरते, पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी. मराठवाड्याच्या उन्हात हा फरक धरावाच लागतो.

ज्यांनी वेळ दिला त्यांना पत्रं पाठवा, मुलांच्या अक्षरात, त्यांनी सांगितलेल्या एका तरी गोष्टीचा उल्लेख करून. आणि विहिरीचं सगळ्यात चांगलं चित्र, थरांची नावं आणि खोली लिहून, जाड कागदावर उतरवून मालकाच्या घरी नेऊन द्या. एका घरी ते चित्र दाराशेजारी लावलेलं आहे. मे महिन्यात मुलं तिथे पुन्हा जातात, दोरी सोडून पाण्याची खोली मोजतात आणि त्याच चित्रावर पेन्सिलीने नवी रेघ ओढून तारीख घालतात.